एक ऐकणारा जास्त

पुस्तक विकत कोण घेतं हे दुकानदाराला ठाऊक असतं, पण ते वाचतं कोण आणि ऐकतं कोण हे ब्रह्मदेवाच्या बापालाही ठाऊक नसतं. सन सदतीसच्या दिवाळीनंतर हे वाक्य मी आमच्या मालकांना मोठ्या ऐटीत ऐकवलं. मालक म्हणाले, मग जा आणि शोधून काढ. जिभेला हाड नसलं की असं होतं. मार्गशीर्षाच्या कडाक्याच्या थंडीत मी नाशिक रोडला उतरलो आणि पाच मैल टांग्यात कुडकुडत शहरात आलो.

पुण्याच्या एका प्रकाशनसंस्थेत मी तेव्हा खपाचे तक्ते सांभाळत होतो. कुठल्या गावात कुठल्या पुस्तकाच्या किती प्रती गेल्या हे मला तोंडपाठ असे. देवाधर्माच्या बाबतीत मी काठावरचा होतो आणि भुताखेतांच्या बाबतीत सरळ नास्तिक. आकड्यावर मात्र माझी श्रद्धा होती. चुकलेला आकडा मला जेवणातल्या खड्यासारखा लागायचा.

सोबत छापील कागदांचा गठ्ठा होता. प्रत्येक कागदावर तीन प्रश्न: घरात पुस्तकं किती, वाचतं कोण, ऐकणारे किती. तिसरा प्रश्न माझ्या डोक्यातून आलेला. आपल्याकडे एक वाचतो आणि दहाजण ऐकतात, त्यामुळे प्रतींवरून वाचनाचा अंदाज बांधणं म्हणजे पंगतीतल्या पत्रावळी सोडून वाढप्यांना मोजणं, असं माझं म्हणणं होतं.

पहिले आठ दिवस नेहमीसारखे गेले. पंचवटीत पंचांग आणि पोथ्या. मेन रोडवर शाळेची पुस्तकं. एका वकिलांकडे काचेचं सुंदर कपाट होतं, त्यात दोनशे पुस्तकं होती आणि किल्ली तीन वर्षांपूर्वी हरवली होती. त्यांच्या कागदावर वाचणाऱ्यांच्या जागी मी शून्य लिहिलं, तेव्हा ते जरा रागावले.

नवव्या दिवशी मी आमचा नाशिकमधला एकमेव वर्गणीदार शोधायला निघालो. आमच्या संस्थेनं ‘काळकोठीचा वारस’ नावाची एक कादंबरी मासिक भागांत काढली होती. दर महिन्याला एक भाग, असे सात भाग निघाले आणि खप नाही म्हणून काम बंद झालं. सातव्या भागाच्या शेवटी कोठडीत डांबलेल्या वारसाला कुलपात किल्ली फिरल्याचा आवाज येतो आणि दार उघडतं. दारात कोण, हे कुणालाच कळलं नाही. कादंबरी बंद करावी असा सल्ला माझ्याच तक्त्यानं दिला होता. नाशिकच्या रकान्यात तेव्हा एक प्रत होती: रंगनाथ पुंजाराम, विडी कारखाना, भद्रकालीच्या मागे.

कारखाना म्हणजे एक लांबट, पत्र्याची खोली. आत शिरताच तंबाखूनं नाकाडोळ्यांतून पाणी काढलं. भिंतीला टेकून दोन ओळींत बायका बसल्या होत्या, मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि भिजवून कापलेली टेंभुर्णीची पानं. हिंदूंच्या होत्या, मुसलमानांच्या होत्या. बोटं विलक्षण वेगानं चालत होती आणि एकीचंही लक्ष बोटांकडे नव्हतं. समोर उलट्या खोक्यावर एक पन्नाशीचा सडपातळ माणूस बसून वाचत होता. तोच रंगनाथ. पूर्वी तो खेड्यात शाळामास्तर होता. इथं त्याला पगार नव्हता. संध्याकाळी प्रत्येक बाई स्वतःच्या कामातला पंचवीस विड्यांचा एक कट्टा त्याच्या टोपलीत टाकायची. हात गुंतलेले, कान मोकळे, म्हणून त्यांनी आपापसात ही रीत पाडली होती.

मला आनंदानं ओरडावंसं वाटलं. माझ्या सिद्धान्ताचा असा जिवंत पुरावा पुण्यात मला कोण दाखवणार होतं? ओळीत मधे एक जागा रिकामी दिसली. तिथं एक सूप होतं, पानं आणि तंबाखू घातलेलं, पण मागं कुणी नव्हतं. मी बसायला वाकलो, तशी शेजारच्या बाईनं हात आडवा केला. तिचं नाव जुलेखा, हे नंतर कळलं.

“वहाँ नहीं, साब,” ती हळूच म्हणाली. “वो जगा छोड के बैठो.”

मी दाराशी पोत्यावर बसलो आणि डोकी मोजली. एकतीस. पलीकडे बसलेली धोंडाबाई तिथली सर्वांत जुनी. मी तिला विचारलं, ऐकणाऱ्या किती? ती विडीला दोरा गुंडाळता गुंडाळता म्हणाली, बत्तीस. मी पुन्हा मोजलं आणि एकतीसच भरले. तेव्हा तिनं रिकाम्या सुपाकडे हनुवटीनं दाखवलं.

हकीकत अशी होती. आधी तिथं दर चैत्रात रामाची पोथी वाचली जाई. रामकथा चालू असली की मारुतिराया ऐकायला येतो, त्याच्यासाठी एक जागा मोकळी ठेवायची, हे आपल्याकडे पोराटोरांनाही माहीत असतं. इथं सगळ्यांपुढे सूप, म्हणून त्याच्यापुढेही सूप मांडलं. दोन वर्षांपूर्वी पोथी संपली आणि रंगनाथनं कादंबरी सुरू केली. जागा उचलायचं मात्र कुणाच्या ध्यानात आलं नाही.

“अन् मारुतिराया कादंबरी ऐकायला येतो व्हय?” मी थट्टेनं विचारलं.

धोंडाबाईनं माझ्याकडे पाहिलं. “त्यो नाय येत,” ती म्हणाली, आणि मान खाली घालून पुढची विडी वळू लागली.

रंगनाथचा आवाज पार फाटलेला होता. घोट गिळताना त्याची मान ताणली जायची आणि तरीही तो थांबत नव्हता. सातवा भाग संपत आला होता. किल्ली फिरली, दार उघडलं, आणि त्यानं भाग मिटला. तांबट आळीतली घणाची ठोकठोक एकाएकी जवळ आल्यासारखी वाटली.

मग रंगनाथ म्हणाला, “पुढं?”

ऐकणाऱ्यानं वाचणाऱ्याला विचारावं तसं त्यानं विचारलं. आवाज स्वच्छ होता, घसा अजिबात बसलेला नव्हता. बायकांपैकी कुणीही वर पाहिलं नाही. क्षणभरानं तो खाकरला, त्याचा तो फाटका आवाज परत आला आणि त्यानं पहिल्या भागाचं पहिलं पान उघडलं.

संध्याकाळी त्याच्या टोपलीत कट्टे पडले. ते मी स्वतः मोजले. बत्तीस होते. बत्तिसाव्याच्या विड्यांना दोरा नव्हता, तरी एकही उलगडली नव्हती. रिकाम्या जागेवरच्या सुपातली पानं संपली होती. ओळीतल्या कुणीतरी हात लांब करून वळल्या असतील, असं मी स्वतःला सांगितलं. दिवसभर मी समोर बसलो होतो आणि कुणीही हात लांब केला नव्हता.

दुसऱ्या दिवशी कारखान्याला सुट्टी होती. मी रंगनाथच्या घरी गेलो. त्याची बायको मैना दारातच भेटली. आत रंगनाथ भिंतीकडे तोंड करून बसला होता. हातात पुस्तक नव्हतं, ओठ हलत होते. मी जवळ गेलो. तो तिसऱ्या भागातलं जहाज बुडण्याचं प्रकरण म्हणत होता, एकही शब्द न गाळता.

मैनानं मला ओसरीवर बसवलं आणि सगळं सांगितलं. भाग यायचे बंद झाले तेव्हापासून हे चाललं होतं. कारखान्यात वाचन झालं नाही की घरी तोंड आपोआप चालू व्हायचं. जेवताना घास बाहेर पडायचा. डॉक्टर म्हणाले होते, सहा महिने बोलू नका, नाहीतर आवाज जाईल आणि मग जीवही जाईल. हे सांगून तिनं कोनाड्यातलं एक फडकं दाखवलं. त्यावर रक्त होतं.

“दादा, तुम्ही पुस्तकवाले,” ती म्हणाली. “त्या दारात कोण हाय, तेवढं सांगून टाका. मंग तो जाईल.”

कोण जाईल, हे मी विचारलं नाही. पुस्तक कुणी बंद पाडलं हेही मी तिला सांगितलं नाही. मला लाज वाटली, आणि भीतीही वाटली, हे कबूल करतो. पौष संपायच्या आत शेवट घेऊन येतो, असं वचन देऊन मी निघालो.

पुण्यात गेल्यावर कळलं की कादंबरीचे लेखक, एक निवृत्त ड्रॉईंगमास्तर, गेल्याच पावसाळ्यात वारले होते. त्यांच्या सुनेनं सांगितलं, कागद होते दोन बासनं, बंबात गेले. त्या दिवशी मी घरी येऊन दाराला कडी लावली आणि शेवट लिहायला बसलो. जन्मात मी आकड्यांपलीकडे काही लिहिलं नव्हतं. नऊ दिवसांत मी त्या कादंबरीतल्या प्रत्येक माणसाचा निकाल लावला. दारात वारसाची आई होती. दुष्ट दिवाण विहिरीत पडला. जहाजावरच्या खलाशालासुद्धा मी घरी पोचवलं, कारण कुणी कुठं उरलं तर विचारायला जागा राहील. शेवटी ‘समाप्त’ हा शब्द घातला.

मी परत गेलो तेव्हा रंगनाथ नुसता कुजबुजत होता. बायका जवळजवळ त्याच्या गुडघ्यांपर्यंत सरकून बसल्या होत्या. रिकामी जागाही सरकली होती. सूप कुणी सरकवलं, हे विचारण्यात अर्थ नव्हता. मी कागद त्याच्या हातात दिले.

त्यानं वाचायला सुरुवात केली.

पहिल्या पानाशी बायकांची बोटं थांबली. दोन वर्षांत असं प्रथमच झालं, असं जुलेखा नंतर म्हणाली.

बोटं थांबली, तरी विडीचं पान वळल्याचा बारीक आवाज येत राहिला. एकाच ठिकाणाहून.

मी तिकडे पाहिलं नाही. माझे डोळे रंगनाथच्या ओठांवर होते.

दार उघडलं. आई आत आली.

पान वळल्याचा आवाज बंद झाला.

रंगनाथनं शेवटची ओळ वाचली. ‘समाप्त’ म्हटलं. आम्ही सगळे त्याच्या तोंडाकडे पाहत राहिलो.

त्यानं तोंड उघडलं.

“पाणी,” तो म्हणाला. आवाज त्याचाच होता.

दारात येऊन उभ्या राहिलेल्या मैनानं तांब्या आणून दिला. त्यानं तो सगळा प्यायला आणि तिथंच पोत्यांवर आडवा होऊन झोपला. धोंडाबाई उठली, रिकाम्या जागेवरचं सूप उचलून तिनं झाडलं आणि भिंतीला उभं केलं. त्या संध्याकाळी टोपलीत एकतीस कट्टे पडले. टांग्यात बसल्यावर मी चक्क रडलो.

माघात रंगनाथचं पत्र आलं. घसा बरा होत होता आणि डॉक्टर खूश होते. आता कारखान्यात जुलेखाचा भाऊ शौकत वर्तमानपत्र वाचून दाखवत होता आणि ऐकणाऱ्या एकतीसच होत्या. ते वाचून मी अहवाल पूर्ण केला. अहवालात त्या बत्तिसाव्या ऐकणाऱ्याचा उल्लेख नव्हता, कारण त्याला माझ्याकडे रकाना नव्हता. मी एवढंच लिहिलं की नाशिकच्या एका प्रतीमागं एकतीस श्रोते आहेत, असे कारखाने आणि माग गावोगावी आहेत, तेव्हा ही कादंबरी शेवटासकट, मोठ्या टायपात, मोठ्यानं वाचण्यासाठी म्हणून छापावी.

मालकांनी ती पाडव्याला काढली. दोन हजार प्रती. येवलं, मालेगाव, सोलापूर, इचलकरंजी, जिथं हात गुंतलेले आणि कान मोकळे, तिथं तिथं मी गठ्ठे पाठवले. तीन महिन्यांत आवृत्ती संपली. मालकांनी सगळ्यांसमोर माझी पाठ थोपटली, आणि मला वाटलं, आपला हिशोब एकदा तरी सोळा आणे बरोबर आला.

आषाढात येवल्याहून पत्र आलं. पैठणीच्या मागावर काम करणाऱ्या अन्सार नावाच्या माणसानं ते कुणाकडून तरी लिहून घेतलं होतं. त्यानं लिहिलं होतं:

“पुस्तक आम्हां सर्वांना फार आवडले. शेवट वाचून बायका रडल्या. वाचून दाखवते ती माझी सून अनवरी. आता असे होते की शेवटचे पान झाले, की ती आपणहून म्हणते, ‘हा शेवट नाशकात ऐकला. दुसरा.’ आणि पुन्हा पहिल्यापासून वाचू लागते. आमच्यापैकी कोणी नाशकास गेलेले नाही. पुस्तकात नाशकाचे नाव नाही, हेही पाहून घेतले. दुसरा शेवट असेल तर कृपा करून लौकर पाठवावा. तिच्या अंगावर पिते मूल आहे. ते रडले तरी तिला थांबता येत नाही.”

मी तक्ता काढला. दोन हजार प्रती, एकशे बेचाळीस गावं. मग कोरा कागद पुढं ओढला आणि येवल्यासाठी दुसरा शेवट लिहायला घेतला.

दुपारच्या टपालात अकरा पत्रं होती. अकरा गावांचे शिक्के होते. मी ती फोडली नाहीत, फक्त मोजली.