पुदिन्याची गोळी

तेवढा त्या आरशावर टॉवेल टाका, मग सांगते. हसा, हसा. गोष्ट संपेपर्यंत हसत राहिलात तर मानलं.

सुरुवात अगदी साध्या कामानं झाली. भर दुपारी ताई पार्लरचं काचेचं दार ओढून घेऊन पुदिन्याच्या गोळ्या आणायला गेली. धाकटीला अभ्यासाला बसलं की तोंडात गोळी लागायची, नाहीतर डोळे मिटायचे. खाली ताईचं बायकांचे केस कापायचं दुकान, मागे एक खोली, वर राहायला दोन. आईवडील गेल्यापासून घरात या दोघी बहिणीच. ताई हाताला हलकी आणि जिभेला तिखट. गिऱ्हाईक केस कापायला यायचं आणि टोमणे फुकटात घेऊन जायचं. पण धाकटीवर तिचा भारी जीव. आपल्या हाती कात्री आली ती आली, हिच्या अंगावर मात्र औषधं बनवणाऱ्यांचा पांढरा कोट चढलाच पाहिजे, हे तिनं मनाशी धरलं होतं.

घोडं अडलं होतं ते ऑरगॅनिक केमिस्ट्रीपाशी. औषधशास्त्राच्या कॉलेजात जायचं तर हा एक विषय ऑनलाइन शिकून त्याची शेवटची परीक्षा पास व्हावी लागायची. धाकटी दोनदा आपटली होती. ही तिसरी खेप, आणि तिसरीनंतर दार कायमचं बंद.

पोरगी काही मठ्ठ नव्हती हो! तिची चूक एकच होती, पण मोठी विचित्र. या शास्त्रात काही रेणू जोडीनं येतात, आपल्या उजव्या-डाव्या हातासारखे. घडण तीच, पण एक म्हणजे दुसऱ्याचं आरशातलं रूप. समोर आलेला रेणू उजवा की डावा, ते ओळखायचं. धाकटी दरवेळी उलटं सांगायची. थोडे चुकले, थोडे बरोबर आले, तर माणूस म्हणेल अंदाजपंचे चाललंय. हिचे झाडून सगळे चुकायचे.

ताई गोळ्या घेऊन आली तेव्हा धाकटी गिऱ्हाइकाच्या खुर्चीत पाय वर घेऊन बसली होती. मांडीवर रंगीत गोळे आणि काड्या जोडून केलेले रेणू, समोर भिंतभर आरसा. दुकानात केसांच्या रंगाचा उग्र वास कोंडला होता आणि बाहेरच्या वाऱ्यानं दार सारखं खडखडत होतं. ताईनं एक रेणू उचलून तिच्या डोळ्यांपुढे धरला.

"हा?"

"उजवा."

ताईनं पुस्तकातलं उत्तर बघितलं. "डावा! अगं, पालथ्या घड्यावर पाणी ओतायचं तरी किती?"

धाकटीचा चेहरा रडवेला झाला. तिनं गोळी या गालातून त्या गालात सरकवली. "बाकीचं सगळं येतं गं मला. ही गोळी बघ. पुदिन्याला ज्या रेणूचा वास असतो ना, त्याचा आरशातला जोडीदार घेतला की शहाजिऱ्याचा वास येतो. नाकाला बरोब्बर कळतं, मला मेलीला कळत नाही."

"आणखी काय येतं?"

"साखर. आपलं शरीर एकाच हाताची साखर पचवतं. उलट्या हाताची दिली तर गोड लागेल, पण अंगी लागायची नाही. सगळं अन्नच तसं मिळालं तर माणूस खाऊन खाऊन उपाशी मरेल."

"म्हणजे मरणाचं सगळं पाठ, मार्कांचं तेवढं नाही!" ताई म्हणाली. मग तिनं आरशाकडे बोट केलं. "तुझं सगळं उलटंच येतं ना? मग त्या आरशातलीला बसव परीक्षेला. तिचं सगळं बरोबर येईल!"

दोघी खो खो हसल्या. आरशातल्या दोघीही हसल्या. फक्त ताईला वाटलं, आरशातली धाकटी हसायची थांबली ती किंचित उशिरा. वाटलं आणि ती विसरलीही. वास्तू तथास्तु म्हणत असते असं आपल्याकडे उगाच नाही म्हणत, पण जिभेला हाड नसलेल्या माणसाला ते आठवतं कधी?

परीक्षा भर सकाळी होती. मागच्या खोलीत टेबल, लॅपटॉप आणि धाकटी. नियम कडक होते. खोलीत दुसरं माणूस नको. कॅमेरा फिरवून सगळी खोली दाखवायची, आणि स्क्रीनच्या कडेला काही चिकटवलेलं नाही हे दाखवायला समोर आरसा धरायचा. ताईनं आपला हातातला आरसा दिला, गिऱ्हाइकांना मागचे केस दाखवायचा. 

"ताई, या वेळी पण गेलं तर?"

"शुभ बोल. जा, देव पाठीशी आहे. आणि देव नसला तरी मी दाराशी आहे."

दार लागलं. ताई बाहेर स्टूल टाकून बसली. आतून लॅपटॉपमधून परीक्षेवर नजर ठेवणाऱ्या बाईंचा आवाज येत होता, कुठूनतरी लांबून, खरखरत.

"कॅमेरा फिरवा... ठीक. आता आरसा धरा. थोडा वर... हां."

मग वाऱ्यानं बाहेरचं दार एकदा वाजलं.

"खोलीत तुम्ही एकट्याच असायला हव्यात," बाई म्हणाल्या.

"एकटीच आहे मी."

"मग तुमच्या मागे..." आवाज थांबला. "हे बघा, दुसऱ्या बाईंना बाहेर जायला सांगा. नाहीतर मला परीक्षा रद्द करावी लागेल."

ताई ताडकन उठली. खोलीला दार हे एकच, आणि त्याला पाठ लावून ती स्वतः उभी. आत खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. धाकटी काहीतरी पुटपुटली. "नको..." असं काहीसं. मग अगदी हळू, काचेवर नख घासल्यासारखं काहीतरी.

"हां, गेल्या त्या. आता एकट्याच दिसताय," बाई म्हणाल्या. "सुरू करा."

ताईच्या हाताला दाराची मूठ गार लागली. उघडावं तर परीक्षा रद्द, तिसरी खेप वाया, पोरीचा जन्म वाया. न उघडावं तर... बाहेर कुणीच आलं नव्हतं! तिनं मूठ धरली, सोडली, पुन्हा धरली. दाराला कान लावला. धाकटी पेपर लिहिताना उसासे टाकायची, स्वतःशी बडबडायची, खुर्ची करकरवायची. आत नुसती बटणं वाजत होती, न थांबता, एका लयीत. ताई तशीच उभी राहिली. पास होऊ दे, एवढंच ती म्हणत होती. जे व्हायचं ते होऊ दे, पण पास होऊ दे.

दार उघडलं तेव्हा धाकटीचा डावा हात मुठीवर होता; एरवी ती सगळं उजव्यानं करायची. तिच्या कपाळावर घामाचा थेंब नव्हता.

"कसा होता गं?"

"सोपा."

निकाल लागला. पास, आणि उजव्या-डाव्या रेणूंच्या प्रश्नात पैकीच्या पैकी! ताईनं तिला मिठी मारली, रडली, शेजारणीला हाक मारून सांगितलं. मग ड्रॉवरमधली गोळी काढून तिच्या तोंडात घातली. "घे, हिचाच प्रताप."

धाकटीनं गोळी चघळली. नाक मुरडलं. "दुसऱ्या आणल्यास का? शहाजिऱ्यासारख्या लागतायत."

ताई हसली. हसता हसता ते हसू तोंडावरच वाळलं. तिनं डबी बघितली. त्याच गोळ्या, तीच डबी. स्वतः एक तोंडात टाकून बघितली, तर स्वच्छ पुदिना.

त्यानंतर धाकटी जेवायला लागली. आधी चिमणीएवढं खाणारी, आता ताटावर ताट संपवायची. तरी गालाची हाडं वर आली, बांगड्या कोपरापर्यंत चढायला लागल्या. शेजारीण म्हणाली अभ्यासाचा शीण आहे, भरून निघेल. ताई तिला डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. बाईंनी नळी छातीवर डावीकडे ठेवली, ऐकलं, कपाळाला आठी घातली. मग नळी उजवीकडे सरकवली.

"हिचं काळीज उजवीकडे आहे. असतं एखाद्याचं, जन्मापासून. तुम्हाला माहीत नव्हतं?"

तापात त्या पोरीला छातीशी धरून ताईनं रात्रीच्या रात्री काढल्या होत्या. तिला काय माहीत नव्हतं? ते डावीकडेच धडधडायचं.

घरी आल्यावर तिनं धाकटीला खुर्चीत बसवलं आणि केस कापायचं निमित्त केलं. या डोक्याला तिच्याखेरीज कुणाची कात्री लागली नव्हती. तिनं ओले केस दोन बोटांनी बाजूला केले. डोक्यावरचा भोवरा उलटा फिरत होता.

"ताई," खुर्चीतली हळूच म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. "इथलं काही अंगीच लागत नाही गं मला."

"इथलं म्हणजे?"

ती नुसती भुकेल्या डोळ्यांनी आरशाकडे बघत राहिली. ताईला तिची भीती वाटली आणि कीवही आली. परकी म्हणावी तर हाक मारत होती ताई म्हणूनच.

धाकटी वर जाऊन निजली तशी ताईनं परीक्षेच्या कचेरीत फोन लावला. पलीकडे एक कंटाळलेला कारकून होता.

"माझ्या बहिणीला पुन्हा परीक्षेला बसायचंय. तीच खोली, तोच आरसा, सगळं तसंच."

"मार्क कमी पडले का?"

"नाही. पास झाली."

"मग नाही बसता येत. पास झालेल्यांना पुन्हा घेत नाही आम्ही." त्यानं जांभई दिली. "नापास असत्या तर वरच्यांना सांगून चौथी खेप बघता आली असती, ताई."

फोन ठेवून ताई मागच्या खोलीत गेली. हातातला आरसा परीक्षेच्या दिवसापासून टेबलावरच पडला होता. त्याच्या काचेवर तोंडाएवढा एक पांढुरका डाग होता. तिला वाटलं, शाम्पूचा असेल. तिनं ओढणीनं पुसला. गेला नाही. ओल्या फडक्यानं पुसला. मग ती बघत राहिली. डाग विरत होता आणि पुन्हा उमटत होता. वाफ होती ती, आणि काचेच्या आतून येत होती.

"बाळा..." ताई म्हणाली. तिनं डबी उघडली आणि पुदिन्याची गोळी काचेपुढे धरली. वाफ थांबली, कुणीतरी वास घेत असावं तशी. मग गोळीसमोर उमटली, घाईघाईनं, एकदा, दोनदा.

गोळी काही आत गेली नाही. ताई अजून रोज दुकान बंद करून त्या खोलीत जाते आणि काचेपुढे घास धरते. वाफ रोज येते. कालच्यापेक्षा थोडी लहान असते.