दुभाष्याचं स्वतःचं वाक्य

"थांबा हं जरा..." तो हळूच म्हणाला. त्याचे हात हवेतच अडकले होते. "पुन्हा सांगाल?"

"कंडोम," ती म्हणाली. अगदी सहज, जसं कुणी खडू म्हणावं.

ती नर्स होती. कर्णबधिर मुलांच्या शाळेत दर गुरुवारी यायची. वयात येताना शरीर कसं बदलतं, प्रेमात पडल्यावर काय जपायचं, 'नाही' कसं म्हणायचं, हे वरच्या वर्गातल्या मुलामुलींना समजावून सांगायची. नेहमीच्या दुभाषी बाई आजारी होत्या, म्हणून हा बदलीवर आला होता. तिनं बोलायचं, यानं खुणांनी मुलांपर्यंत पोचवायचं.

"लाजलात की काय?"

"मी? छे! हात लाजले."

मुलांना बोलणं ऐकू आलं नाही, पण त्याचे लाल झालेले कान दिसले. सगळा वर्ग खदखदून हसला. त्या दिवसापासून खुणांच्या भाषेत त्याचं नाव पडलं – कानाची पाळी ओढायची. तिचं नाव आधीचंच होतं, गालावरची खळी.

दुभाषी बाई बऱ्या झाल्या, तरी गुरुवारचा वर्ग त्यानं मागून स्वतःकडेच ठेवला.

एकदा दोन वेण्यांची एक मुलगी उठली. तिचे हात भराभर हलायला लागले आणि त्याच्या जाड आवाजात तिचे शब्द आले, "तो म्हणतो, खरं प्रेम असेल तर तू नाही म्हणणार नाहीस. मला भीती वाटते. नाही म्हटलं आणि सोडून गेला तर?"

"खरं प्रेम असेल तर त्याला थांबता येईल," खळी म्हणाली. "गेलाच तर रडू येईल गं, खूप येईल. पण त्यात चूक तुझी नसेल."

हे सांगताना त्याचे हात किती हळू झाले होते! ती बघतच राहिली.

मग वर्गानंतर पायऱ्यांवर बसून तो तिला खुणा शिकवू लागला. चुकली की बोटं धरून सरळ करायचा... आणि सोडायला विसरायचा. एका संध्याकाळी त्यानं छातीवर हात ठेवून तिच्याकडे बघत एक खूण केली.

"हे कुणाचं वाक्य?" तिनं मुद्दाम विचारलं.

"माझं," तो म्हणाला. "दिवसभर दुसऱ्यांचं बोलतो. हे मात्र माझं."

"मग माझंही तेच," ती म्हणाली. गालावर खळी पडली होती.

त्यानं तिला घरी नेलं. आईला ती आवडली, अगदी शाळेत काय शिकवतेस हे विचारीपर्यंत. तिनं सरळ सांगितलं. आईनं कप खाली ठेवला.

"लग्नानंतर ते सोड हो. चार लोकांत काय सांगायचं आम्ही? दवाखान्यात दुसरी कामं थोडी आहेत?"

तिनं त्याच्याकडे पाहिलं. तो चहावरची साय बाजूला करत होता.

बस स्टॉपवर तो म्हणाला, "थोडे दिवस बंद ठेव ना... आईची समजूत पटेपर्यंत."

"कोण पटवणार?"

तो बस येते का ते पाहायला लागला.

"तुला लाज वाटते माझ्या कामाची?"

"नाही गं, शपथ! पण तिच्यापुढे माझी जीभच उचलत नाही."

"वर्गात माझा एकेक शब्द बोललास तू. घरी एकही नाही." ती म्हणाली. "ती मुलं कुणाला विचारणार रे? मला नाही सोडता येत."

"मग आपलं..."

"नाही जमणार."

त्यानं हात धरला नाही, अडवलं नाही. फक्त मान हलवली. बस आली, ती चढली, खिडकीपाशी बसली. काच बंद होती. खाली उभा राहून तो खुणा करायला लागला – माझं चुकलं... हिंमत झाली नाही... तू शिकवत राहा...

बस वळेपर्यंत त्याचे हात बोलत होते. तिला आता सगळं समजत होतं, एकूणएक खूण. तिनं काचेवर तळवा टेकवला आणि पहिल्यांदाच, लोकांची पर्वा न करता, ती रडली.