उलट्या घडीची पुडी

इंदोऱ्याकडच्या एका मुलींच्या शाळेत देवराव प्रयोगशाळेचा शिपाई आणि त्याचीच लेक भीमाबाई रसायनाची शिक्षिका. "शाळेत मी शिपाई, घरी बाप," असं त्यानंच ठरवून दिलेलं. मुलींसमोर तो लेकीला अगदी अदबीनं 'बाई' म्हणायचा, आणि तिला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

प्रॅक्टिकलच्या आदल्या दिवशी देवराव रेती, मीठ आणि नवसागर खलात एकजीव करून जुन्या प्रश्नपत्रिकांच्या पुड्या बांधायचा. गडी डावखुरा, म्हणून घडी उलटी पडायची. ते तिन्ही पदार्थ पुन्हा वेगळे करताना मुलींच्या नाकी नऊ यायचे, आणि हा दारात उभा राहून मिशीत हसायचा. काय दिवस होते ते!

अठ्ठ्याहत्तरच्या उन्हाळ्यात ती कोराडीला सासरी असताना देवराव गेला. निरोप उशिरा पोचला, बस धरून येईस्तोवर सगळं उरकलेलं. शेवटचं बोलणं राहून गेलं, तेच तिला आतून खात होतं.

शाळा उघडल्यावर कपाटात त्याची एक पुडी सापडली. शेवटच्या तासानंतर तिनं ती सोडली. बशीवर नरसाळं पालथं घालून तापवलं; नवसागराचा धूर होऊन काचेला आतून पांढरा थर बसला. उरलेलं पाण्यात ढवळून गाळलं, रेती कागदावर राहिली. पाणी आटवलं, मीठ हाती आलं. तीन बशा टेबलावर मांडून, खोलीला कुलूप घालून ती घरी गेली.

सकाळी बशा रिकाम्या. शेजारी पुडी, उलट्या घडीची.

हा पोरींचा चावटपणा, असं मुख्याध्यापिका शोभाताईंनी सांगून टाकलं. भीमाबाईनं स्वतःचं कुलूप आणलं, किल्ली कमरेला खोचली, पदार्थ पुन्हा वेगळे केले. पुन्हा पुडी. आठवडाभर तेच. विज्ञानाची बाई ती, तर्क सगळे लढवून पाहिले, एकही टिकला नाही. आणि खरं सांगायचं तर तिला आनंदच होत होता. जेवणाची शुद्ध नाही, शिकवताना नजर दाराकडे.

आठव्या सकाळी तिन्ही बशा तशाच होत्या. नवव्या, दहाव्या सकाळीही.

तिला राहवेना. तिन्ही पदार्थ तिनं स्वतःच खलात टाकून घोटले, पुडी बांधली. मग रिकाम्या प्रयोगशाळेत हलकेच म्हणाली, "बाबा, मी वेळेवर आली नाही जी. एकडाव बोला ना माह्यासंग."

कुलूप दोनदा ओढून पाहिलं.

सकाळी कुलूप शाबूत होतं.

आत पुडीचा कागद हातानं सपाट करून ठेवलेला. एका बशीत रेती. दुसऱ्या बशीत नवसागर.

तिसरीतलं पाणी नुकतंच आटलं होतं. मीठ अजून बारीक तडतडत होतं.

भीमाबाई वाकली, आणि ते थांबेपर्यंत कान देऊन ऐकत राहिली.