उष्टा कप

"चहा पिऊन कप खिडकीत तसाच ठेवायचा, ही कुठली रीत? मुलगी माझी तळाशी दोन घोट ठेवते, वर माश्या घोंघावतात. बोलायला जावं तर तोंडातून शब्द नाही. एवढी घोडी झाली तरी!" आजी तावातावाने सांगत होती आणि टेबलाभोवती बसलेली डॉक्टरकीची पोरं भराभर लिहून घेत होती.

खरं तर आजीला मुलगी नव्हतीच. तीन मुलगे होते, तीन दिशांना पांगलेले. ते तिला हायकोर्ट म्हणत, कारण तिच्या निकालावर अपील नसे. आता निकाल ऐकायलाच घरात कुणी उरलं नव्हतं. म्हणून दर बुधवारी ती कॉलेजात खोटी पेशंट व्हायला जाई. शिकवणाऱ्या मॅडमनी तिला पढवलं होतं: बरेच दिवस खोकला, संध्याकाळी ताप, घरात एक अबोल मुलगी. पोरांनी विचारत विचारत आजार हुडकायचा. मुलीचं बाकीचं सगळं आजीने पदरचं घातलं होतं. आजीची स्वतःची शाळा चौथीत सुटली होती, पण थापा मारण्यात ती पदवीधर होती.

त्या संध्याकाळी ती घरी आली, तर खिडकीत कप. तळाशी दोन घोट.

वय झालं, विसरले असेन, म्हणत तिने तो विसळला. पण ती स्वतः चहा पेल्यातून प्यायची. कप पाहुण्यांसाठी वरच्या फळीवर असत आणि तिथवर तिचा हात कधीच पोचत नव्हता.

पुढच्या बुधवारी तिने मुद्दाम सांगितलं, पोरगी न्हाणीतला दिवा मालवत नाही. घरी आली तेव्हा न्हाणीत दिवा जळत होता.

फणीबद्दल मात्र ती कुणाला काही बोलली नव्हती. तरी एके सकाळी फणीत लांब काळे केस अडकलेले होते. आजीचं डोकं कापसासारखं पांढरं. तिने ते केस फेकले नाहीत. बोटाला गुंडाळून कितीतरी वेळ बसून राहिली.

खोकल्याच्या केसच्या शेवटच्या बुधवारी चष्मेवाल्या पोरीने विचारलं, "आजी, मुलगीपण खोकते का?"

"खोकते ना! भिंतीपलीकडे. मेली झोपते कुठे?" आजी बोलून गेली.

मॅडम चपापल्या. "हे मी सांगितलं नव्हतं."

पण पोरांना धागा सापडला होता. फळ्यावर त्यांनी लिहिलं: क्षय. मुलीकडून आईला. मुलीला वेगळं ठेवा.

"शाब्बास," मॅडम म्हणाल्या. "ही केस संपली. आजी, पुढच्या वेळी तुमचे गुडघे दुखणार. एकट्या राहणाऱ्या बाई तुम्ही."

"एकटी?"

"हो. आणि आता नाही खोकलात तरी चालेल हं."

आजीने तोंडावर रुमाल धरला. खोकला थांबेना.

घराच्या पायरीवर ती किल्ली हातात धरून थबकली. खिडकी रिकामी असली तर?

तिने कुलूप काढलं. न्हाणीत अंधार. फणी स्वच्छ.

खिडकीत कप होता.

तळाशी दोन घोट. आज कोमट.

भिंतीपलीकडे कुणीतरी दाबून खोकलं.

आजीने कप उचलला. विसळला नाही. ते उष्टे दोन घोट तिने सावकाश पिऊन टाकले आणि भिंतीला ठणकावलं, "मुलगी म्हणून कवडीची नाहीस तू. पण मला टाकून गेलीस, तर गाठ माझ्याशी आहे!"