पंधरावा टायर

यार्डातली कुत्री भर उन्हात झोपतात. अठरा टायरांच्या ट्रेलरखाली गच्च सावली असते. तिथे एकही जात नाही.

राजीनाम्याचं पत्र. चार ओळी. सही आहे, तारीख नाही.

एका माणसाला दारूच्या नुसत्या वासाने ओकारी यायची.

लाल वायर.

गेल्या भाऊबीजेला मला बहिणीकडून बोलावणं आलं नाही.

हे तुकडे एकमेकांचे कोणी लागत नाहीत असं वाटेल. मी सांगतो, हे सगळं एकाच दुपारचं आहे. ती दुपार मी पाहिली आहे. ऐकीव एक शब्द नाही.

गुरुवार, १८ मे २०२३. करंजाडेच्या पुढे, खाडीच्या बाजूला दाजींचं यार्ड. वेळ साडेबारा. रात्र नव्हती. अंधार नव्हता. डोक्यावर सूर्य होता, आणि सगळ्या वस्तूंच्या सावल्या त्यांच्याच पायाखाली होत्या.

मी ऑफिसच्या दारात उभा होतो. दाजी ट्रेलरपाशी वाकले होते. आणि...

नाही.

मध्येच सुरू केलं. पुन्हा पहिल्यापासून.

मी प्रणित. खांदा कॉलनीत राहतो आणि एका शाळेची बस चालवतो. अकरा वर्षं झाली. पगार वेळेवर, पीएफ आहे, साडेचारला घरी. शाळेपासून शेवटच्या स्टॉपपर्यंत पाच किलोमीटर. अकरा वर्षांत मी कामासाठी त्या पाच किलोमीटरच्या पुढे गेलेलो नाही.

हे शेवटचं वाक्य मला टोचायचं.

गाडी मला जैतू वाघमारेने शिकवली. मी अठरा वर्षांचा होतो. आमच्या मिठागरावर जैतूचं सगळं घर कामाला असायचं. त्याला जमीन नव्हती, पण मोठ्या गाडीचं लायसन होतं. पुढे तो दाजींचा ट्रेलर चालवायला लागला. बंदरातून कंटेनर उचलायचा आणि थेट उत्तरेला. परत आला की मला सांगायचा, कुठे धुकं लागलं, कुठे मोर आडवे आले.

त्याची एक सवय होती. निघण्याआधी टामी घेऊन गाडीभोवती फेरी. टामी म्हणजे हातभर लांबीची लोखंडी सळई. प्रत्येक टायरवर एक ठोका. हवा ठीक असली की टणक आवाज येतो. कमी असली की आवाज बसका येतो. जोडीतला आतला टायर दिसत नाही, त्याच्यासाठी वाकून डोकं आत घालावं लागतं.

आणि एक नियम.

"टायर वाजवनाऱ्याला हाक मारायची नाय. हाक मारलीस तर परत पयल्यापासून."

मी एकदा मुद्दाम हाक मारली होती. जैतूने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मुकाट्याने पुढे गेला आणि पहिल्या टायरपासून सुरू केलं.

फेब्रुवारीत धुळ्याच्या पुढे ट्रेलर उलटला. जैतू जागीच गेला.

दाजी म्हणाले, "प्यायला व्हता."

मी विश्वास ठेवला. हे लिहायला मला दोन वर्षं लागली... मी विश्वास ठेवला.

दाजी म्हणजे माझ्या मोठ्या बहिणीचे, जनीताईचे यजमान. नाव वेगळं आहे, पण सगळं करंजाडे त्यांना दाजीच म्हणतं. मे महिन्यात त्यांनी मला यार्डात बोलावलं. मंगळवार होता.

"शालंची बस!" दाजी हसले. "बारक्या पोरांची नाकं पुसतंस का अजून?"

"नाकं मावशी पुसतात, दाजी. मी गाडी चालवतो."

"पाच किलोमीटर! त्याला चालवनं म्हनत नाय रं. तो ट्रेलर घे. दुरुस्त करून उभा हाय. एका खेपेत निम्मा देश बघशील. गुरवारी सांग मला."

तो ट्रेलर म्हणजे जैतूचा. नवी केबिन, नवा रंग.

मी केबिनमध्ये चढून बसलो. खरं सांगतो, छाती भरून आली. इतक्या उंचावरून रस्ता कधी पाहिला नव्हता. सीटखाली हात गेला तर काहीतरी गार लागलं. बाहेर रणरणतं ऊन... आणि ते लोखंड गार.

जैतूची टामी. मुठीला लाल वायर गुंडाळलेली. जुन्या केबिनमधलं सामान कोणीतरी तसंच नव्यात टाकलं असावं.

तेवढ्यात...

टण्.

खाली, पुढच्या डाव्या चाकाशी.

टण्. टण्. दोन ठोके, जोडीचे. आवाज मागे मागे सरकत गेला. मला वाटलं, यार्डातला कोणी माणूस असेल. मी आरशात पाहिलं. डाव्या बाजूला कोणी नव्हतं.

आवाज मागून वळून माझ्या बाजूला आला. दहा. अकरा. बारा. मी नकळत मोजत होतो. तेरा. चौदा.

थांबला.

पंधरावा आला नाही.

मग पुन्हा... पुढच्या डाव्या चाकाशी...

टण्.

पहिल्यापासून.

मी उडी मारून खाली आलो. गाडीखाली वाकून पाहिलं. सावली होती. रिकामी. कुत्री लांब उन्हात पडली होती, जिभा बाहेर काढून.

"दाजी, टायर कोण वाजवतंय?"

"कोन नाय. ऊन हाय. लोखंड तापलं की वाजतं."

हे बोलताना त्यांनी ट्रेलरकडे पाठ केली होती.

घरी दिपिकाला, माझ्या बायकोला, आवाजाचं सांगितलं नाही. फक्त नोकरीचं सांगितलं. ती पोळ्या लाटत होती.

"मी तुला अडवणार नाही," ती म्हणाली. "पण जैतूभाऊंचीच गाडी का? दाजींकडे पाच गाड्या आहेत."

"बाकीच्यांना ड्रायव्हर आहेत."

"मग हिला का नाही?"

याचं उत्तर मी दुसऱ्या दिवशी शोधलं. तीन महिन्यांत त्या ट्रेलरवर दोन ड्रायव्हर आले. दोघेही एकही खेप न करता गेले.

बुधवारी मी जैतूच्या बायकोला भेटायला गेलो. धोंडी करंजाडेतच एका नव्या इमारतीवर विटा वाहते. जेवणाची सुट्टी होती. ती सिमेंटच्या गोणीवर बसून भाकरी खात होती.

मी विचारलं. कसं विचारायचं ते न कळून सरळच विचारलं. त्या दिवशी जैतू प्यायला होता का?

तिने घास खाली ठेवला.

"दारू? वास आला तरी वकायचा तो. लग्नात मांडवाच्या भायेर बसायचा. तुमाला म्हाईत नाय, प्रणितदादा?"

मला माहीत होतं. तेच तर. मला माहीत होतं.

"दाजी बोललं, पोलिसांनी लिवलं. आता माझ्या पोराला शालंत बेवड्याचा बोलतात."

मग तिने सांगितलं. त्या दिवशी ती डबा द्यायला यार्डात गेली होती. जैतूची फेरी चालली होती, म्हणून ती लांबच उभी राहिली. हाक मारली नाही. मागून वळून तो अलीकडे आला. चौदा टायर झाले. पंधराव्यासाठी वाकला. आतला टायर.

"तवा दाजी वरडलं. गेट बंद व्हईल, चल! ह्यो बोलला, परत पयल्यापासून करतो. दाजीनं त्याच्या हातातनं टामी वढून घेतली नि केबिनीत फेकली. बोललं, टायर वाजवायचा पगार नाय देत तुला."

बंदराचं गेट ठरल्या वेळी बंद होतं. जैतू निघाला. आतला टायर बसका होता. धुळ्याच्या पुढे फुटला.

मी उठलो. तिने विचारलं, "त्याची गाडी तुमी घेनार?"

"ठरवलं नाही अजून."

"घ्या. पन त्याची फेरी अर्धी हाय. ज्यानं मोडली त्यानंच ती पुरी करावी."

हे बोलताना तिचा आवाज चढला नाही. तिने भाकरी उचलली आणि पुन्हा खायला लागली.

त्या रात्री मी राजीनामा लिहिला. हे ऐकून लोकांना नवल वाटतं. पण लिहिला. त्या केबिनमधून दिसलेला रस्ता डोळ्यांसमोरून जात नव्हता. फक्त तारखेची जागा कोरी ठेवली.

गुरुवार. साडेबारा.

पत्र खिशात होतं. दाजी ऑफिसात पंख्याखाली बसले होते.

"बोल. शालंत किती दिवस राहनार?"

मी तोंड उघडलं आणि...

टण्.

या वेळी दाजींनीही ऐकलं. त्यांचा चेहरा मी पाहिला. त्यांनी ते आधीही ऐकलं होतं.

टण्. टण्.

"कोन हाय रं तिथं?"

ठोके चालूच. चौदा. थांबले. पुन्हा एकपासून.

"आज दाखवतोच," दाजी उठले. "या गाडीचं भूत माझ्या हातानं काढतो. अठराच्या अठरा वाजवतो, बघ तू."

ते उन्हात उतरले. हातात लाल वायरची टामी होती.

पहिला टायर वाजवला. टण्.

आणि त्याच्या मागोमाग, अर्ध्या क्षणाने... आणखी एक टण्.

दाजी थबकले. मग पुढे गेले. त्यांचा ठोका, मागोमाग दुसरा ठोका. कोणीतरी त्यांच्या पाठोपाठ फेरी घेत असल्यासारखा. ते मागून वळून माझ्यासमोरच्या बाजूला आले. शर्ट घामाने चिकटला होता. दहा, दहा. अकरा, अकरा.

कुत्री उठून उभी राहिली. एकही भुंकलं नाही.

तेरा, तेरा.

चौदा.

या वेळी मागचा ठोका आला नाही.

दाजी पंधराव्यासाठी वाकले. डोकं आत, खांदा आत.

आणि ट्रेलरच्या पलीकडून आवाज आला...

"गेट बंद व्हईल, चल!"

तो दाजींचा आवाज होता. दाजींचाच. पण दाजी माझ्यासमोर होते.

त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. ओठ मिटलेले होते. तो चेहरा मी विसरू शकत नाही. ते माझ्या हाकेची वाट पाहत होते. मी एक हाक मारली असती तर ते मागे सरले असते.

माझ्या घशात हाक होती.

मी मारली नाही.

दाजींनी टामी आत सरकवली आणि पंधरावा टायर वाजवला. आवाज टण् असा आला नाही. बंदुकीसारखा आला. धुळीचा लोट माझ्यापर्यंत आला, आणि त्या धुळीत मला ठोके ऐकू आले. सोळा. सतरा. अठरा.

संथ. घाई नसलेले.

त्यानंतर यार्डात ठोके वाजले नाहीत.

उभ्या गाडीचा टायर उन्हाने फुटतो, असं टायरवाला म्हणाला. जुन्यावर रबर चढवलेला होता, हवा जास्त होती. असेलही. दाजी वाचले. एक डोळा गेला आणि दोन्ही कानांनी काही ऐकू येत नाही. ओटीवर बसून असतात. बोट खुर्चीच्या दांड्यावर आपटत राहतं. जनीताईने जेवायला हाक मारली की हात वर करतात.

"हाक मारू नको गं. परत पयल्यापासून करायला लागतं."

त्यांना ती कशी ऐकू येते म्हणून विचारू नका. तिची हाकच तेवढी त्यांना ऐकू येते. बाकी काहीच नाही.

मी अजून शाळेची बस चालवतो. पत्र कपाटात आहे, तारखेची जागा कोरी. सकाळी मुलं यायच्या आधी मी टायर वाजवतो. बसला सहा टायर असतात. गेल्या महिन्यापासून, मी सहावा वाजवून उभा राहिलो की, मागे कोणीतरी...

मी वळत नाही.

पोलिसांकडे मी दोनदा गेलो. जैतू दारू पीत नव्हता, हे लेखी देऊन आलो. धोंडीच्या मुलाला शाळेत अजूनही तेच म्हणतात.

ताईने मला एकदाच विचारलं, "तू समोर व्हतास. हाक का नाय मारलीस?"

मी म्हणालो, नियम आहे ताई. टायर वाजवणाऱ्याला हाक मारायची नसते.

त्या गुरुवारी केबिनमधून टामी काढून दाजींच्या हातात मीच दिली होती.