शेडमधली सवत

ही गोष्ट शंभर टक्के खरी आहे. इकडे कानडी मुलखात, राजाजीनगरात आमच्या शेजारी हेमलताअक्का राहतात, त्यांच्याच घरात घडलेली. त्यांनी स्वतः आमच्याकडे येऊन सांगितली.

साल १९९६. खंडेनवमीची संध्याकाळ...

अक्कांचे यजमान विठोजीअण्णा मूळचे निपाणीकडचे. देवनहळ्ळीवरून जाणाऱ्या, अरुंद रुळांवरच्या छोट्या गाडीवर ते आयुष्यभर ड्रायव्हर होते. वाफेच्या इंजिनावर त्यांचा भारी जीव. खंडेनवमीला घरची पूजा खोळंबायची आणि हे शेडमध्ये इंजिनाला झेंडूचे हार घालत बसायचे. अक्का त्या इंजिनाला सवत म्हणायच्या, आणि थट्टेने नाही.

अण्णा निवृत्त झाले तेव्हा अक्कांना वाटलं, सुटले एकदाची.

मग एका दुपारी शिवकुमार नावाचे रेल्वेचे साहेब घरी आले. अण्णा बाजारात गेले होते. साहेबांनी अक्कांनाच कानडीत सगळं समजावलं. छोटी लाइन बंद झाली होती, पण थोडे रूळ आणि ते इंजिन सरकारनेच राखायचं असं घाटत होतं. दर रविवारी नंदीच्या डोंगराच्या पायथ्यापर्यंत गाडी सोडायची. भंगारात घातलं तर पैसा एकदाच येणार. चालतं ठेवलं तर माणसं बघायला येतील, स्टेशनावरच्या पेरूवाल्या, फुलवाल्या, चहावाले, सगळ्यांची चूल पेटेल. जुनी वस्तूही जगेल. फक्त त्या इंजिनाची नस ओळखणारा ड्रायव्हर हवा, आणि तसे आता एकटे अण्णाच उरले होते. ते नसतील तर वरून मंजुरी मिळणार नव्हती.

दर रविवारी... पुन्हा तिच्याकडे.

अक्कांच्या अंगाचा तिळपापड झाला. पण वरकरणी त्या शांतच होत्या.

"साहेब, त्यांचे हात थरथरतात. नीट दिसतही नाही. त्यांना विचारूसुद्धा नका, जिवाला लावून घेतील."

धडधडीत खोटं. साहेब 'सरी अक्का', म्हणजे बरं अक्का, म्हणून उठून गेले.

घट बसायच्या आधी इंजिन कापलं गेलं. अण्णांना ते बाहेरून कळलं. त्या दिवसापासून त्यांनी बोलणंच सोडलं...

तरी अक्का मनातून खूश होत्या. खंडेनवमीला नवरा पहिल्यांदाच घरात होता. त्यांनी हॉलमध्ये शिलाई मशीन, विळी आणि सायकल मांडली. सगळ्यांना कुंकू लावलं. इथल्या रिवाजाप्रमाणे सायकलच्या चाकाखाली लिंबू ठेवलं. अण्णा आतल्या खोलीत दार लावून पडले होते.

अक्का निरांजन लावायला वळल्या.

आणि गल्लीतले सगळे आवाज बंद झाले...

ऑटो नाही. शेजारचा टीव्ही नाही. कावळासुद्धा नाही.

झेंडूचा वास गेला. त्या जागी गरम तेलाचा... ओल्या कोळशाचा वास आला.

मग आतल्या खोलीतून श्वास ऐकू आला. जड. लांब. थांबून थांबून...

तो अण्णांचा नव्हता.

अक्का गर्रकन वळल्या. सायकल जागची हलली नव्हती. पण चाकाखालचं लिंबू चिरडून सपाट झालं होतं...

सायकलवरचं कुंकू नाहीसं झालं होतं. मशीनवरचंही. विळीवरचंही.

अक्कांनी स्वतःच्या कपाळावर हात नेला...

बोटाला काहीच लागलं नाही.

तेवढ्यात अण्णांचा आवाज आला. इतक्या दिवसांनी ते बोलत होते. हळू, अगदी लाडीगोडीने कुणाची तरी समजूत काढत होते. अख्ख्या संसारात तो सूर अक्कांच्या वाट्याला कधी आला नव्हता. अक्का सांगतात, भीती नंतर वाटली, आधी जळफळाट झाला.

त्यांनी धावत जाऊन दाराची कडी धरली. कडी चुलीतल्या सळईसारखी तापली होती.

आतून अण्णा म्हणाले, "हेमा, आत येऊ नकोस. भाजेल."

सकाळी त्यांनी आपणहून दार उघडलं. तोंडावर काजळी, तब्येत ठणठणीत. चहा प्यायले, अक्कांशी एक शब्द बोलले नाहीत. तेव्हापासून दिवे लागले की ते आत जातात आणि दार लावून घेतात. अक्का हॉलमध्ये झोपतात.

हे काय आहे, मला ठाऊक नाही. त्यांची ती खोली आणि आमचं स्वयंपाकघर यांची भिंत एक आहे. संध्याकाळी आमच्या बाजूने ती गरम लागते...

आईने अक्कांना एकदा विचारलं, पस्तावा होतो का? अक्कांनी त्या भिंतीला हात लावून पाहिला.

"तिकडेच राहू दिलं असतं त्या मेलीला," त्या म्हणाल्या, "तर माझा फक्त रविवार गेला असता."