बिब्ब्याचे डाग

सत्यशीलाबाईंनी आयुष्यात नवस पुष्कळ बोलले, पण करोनाच्या दुसऱ्या लाटेत बोलला तो सगळ्यांहून वेगळा. यजमान अंबाजोगाईला दवाखान्यात, ऑक्सिजनवर. घरात एकट्या बाई. देवापुढं तेलवात लावून त्यांनी योगेश्वरीपुढं पदर पसरला, "आई, ह्यांना आपल्या पायांनी घरी आण. ओटी तर भरीनच. पण ज्यांच्या घराला दारच नाही, त्यांच्या दारी तुझ्या नावानं जाईन."

आईनं ऐकलं. यजमान चालत घरी आले. मग दर मंगळवारी बाई तोंडाला मास्क बांधून फिरत्या दवाखान्याच्या गाडीत बसू लागल्या. पालांमधल्या बायका परक्या माणसापुढं दंड उघडा करीत नसत. सत्यशीलाबाईंनी शेजारी बसून हात हातात घेतला, की डोळे मिटून लशीची सुई टोचून घेत.

त्या मंगळवारी गाडी मांजरसुंब्याच्या अलीकडं माळावर थांबली. वैदूंची पालं होती. झाडपाल्याची औषधं, बिब्बे, सुया-पोत विकत फिरणारी ही माणसं गेल्या सालच्या टाळेबंदीपासून तिथंच अडकली होती. कुठलंच गाव शिवेच्या आत घेईना.

"सुई?" त्यांचा म्होरक्या लिंगप्पा हसला. "ताई, आमच्या बापजाद्यानं समद्या मुलखाला दवा दिली. आता तुमी आमाला टोचनार? धंदा बसवायला आलात म्हना की आमचा!"

"तुमची मुळी मीपण उगाळून लावली, लिंगप्पा. गुडघेदुखी आहे तिथंच आहे. भांडायला आले का मी?"

पालांतून बायका फसकन हसल्या. लिंगप्पाही हसला. पण गाडीतली नर्स, वैष्णवी, खाली उतरून म्हणाली, "कुणी आजारी आहे का इथं?" तेव्हा त्याचा चेहरा दगडासारखा झाला.

"कुनी न्हाई. मागल्या साली माझ्या मायला, साखराबाईला, अशीच गाडी घिऊन गेली. माय आली न्हाई. तिची मातीबी दिसली न्हाई आमाला. टोचायचं तर टोचा. गाडीत मातर कुनी बसनार न्हाई."

वैष्णवीनं सुया काढल्या. सत्यशीलाबाई बोटाला लावायचं ऑक्सिजनचं यंत्र घेऊन पालामागून पाल फिरू लागल्या. टळटळीत दुपार. वारा पडलेला. इतका वेळ भुंकणारी कुत्री कधी गप्प झाली, कळलंच नाही. बाभळीखाली एक पाल होतं, बाकीच्यांकडं पाठ करून एकटंच उभं. बाई वाकून आत गेल्या.

आत विहिरीच्या तळासारखा गारवा. बिब्ब्याचा उग्र वास, आणि त्याखाली ओल्या मातीचा. एक म्हातारी गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. न विचारताच तिनं हात पुढं केला. बिब्बे फोडून फोडून काळी झालेली बोटं, करंगळी अर्धीच.

यंत्र लावलं. आकडा येईना. नुसत्या रेघा.

"मावशी, हात फार गार पडलाय हो तुमचा..." बाईंनी तो दोन्ही तळव्यांत धरून चोळला. चोळला, पुन्हा चोळला. त्यांचेच तळवे गार पडत गेले.

"माझं ऱ्हाऊ दे..." म्हातारीचा आवाज लांबून आल्यासारखा. "लिंगप्पाची सून बघ... करिष्मा... गोधड्याच्या आड लपवलीया... पोटुशी हाय... लई दम लागलाय तिला..." आणि तिनं बाईंचं मनगट गच्च धरलं. "त्याला सांग... मला कुनी ओढून न्हेलं न्हाई. मीच चढले व्हते गाडीत... जगायला."

"तुम्हीच चला ना सांगायला."

"माझं आता त्याला ऐकू जात न्हाई..."

बाई बाहेर आल्या. मनगटाची आग होत होती. सरळ लिंगप्पापुढं जाऊन उभ्या राहिल्या.

"लिंगप्पा, गोधड्या बाजूला करा. करिष्माला बघू द्या."

तो चपापला. "कुनी सांगितलं?"

"त्या बाभळीखालच्या पालातल्या मावशींनी."

"बाभळीखाली पाल न्हाई, ताई."

बाईंनी वळून पाहिलं. बाभळ होती. तिच्याखाली खुंट्यांची भोकं, आणि मधे मऊ माती, जिच्यावर कुणाचं पाऊल उमटलं नव्हतं... त्यांचंसुद्धा.

"तितं मायचं पाल व्हतं," लिंगप्पा कुजबुजला. "ती गेली, आमी उतरवलं. तितं पाय ठिवत न्हाई आमी. थट्टा कावून करता?"

बाईंनी म्हातारीचा निरोप शब्द न् शब्द सांगितला. मग बांगड्या वर सारल्या. मनगटावर काळी बोटं उमटली होती, बिब्बा उतल्यासारखी, कडेनं फोड आलेली. शेवटचं बोट अर्धंच.

लिंगप्पानं वाकून ते अर्धं बोट पाहिलं. "मायचंच..." तसाच तो आपल्या पालात शिरला आणि त्यानं गोधड्या भिरकावल्या. करिष्माचे ओठ निळे पडले होते. या वेळी यंत्रावर आकडा आला. वैष्णवीनं तो पाहिला आणि गाडीकडं धावली. सुनेला लिंगप्पानंच उचलून आत निजवलं. वाटभर सत्यशीलाबाईंनी तिचा हात सोडला नाही.

करिष्मा वाचली. पुढं मुलगी झाली, मायलेकी सुखरूप.

बिब्ब्याचा डाग कातडीबरोबर निघून जातो. सत्यशीलाबाईंचा गेला नाही. त्याचं त्यांना भय नाही. देवाघरचं कुंकू म्हणून त्या तो मिरवतात. पण गेल्या महिन्यात पोळ्या लाटताना त्यांना दिसलं, दुसऱ्या मनगटावरही बोटं उमटलीत. ताजी. पाचही पुरी, आणि इवलीइवलीशी.

त्यांनी कणीक झाकली, देवीला हात जोडले आणि निघाल्या. मांजरसुंब्यापासून तलवाड्यापर्यंत पालं पालथी घातली. आजारी लेकरू कुठंच सापडलं नाही. डाग मात्र रोज थोडा वर सरकतोय, कोपराकडं... पोर खांद्यावर चढू बघतं तसा. बाई अजून शोधताहेत. सापडेल म्हणतात, योगेश्वरीआईनं सांगितलंय म्हणजे सापडेलच.

तेव्हा बायांनो, तुमच्याही मनगटावर कधी असा डाग दिसला, तर साबण लावून घासत बसू नका. चपला घाला आणि निघा. त्यांच्या एकटीच्यानं ते लेकरू सापडायचं नाही.